वजन कोणत्या पायावर

नागपुरात एप्रिल महिन्यात लोकरीची कानटोपी घालून व्यासपीठावर बसलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. तो मी. अंगात लोकरीचा कोट, गळ्यात मफलर, समोर खडखडीत कोरडा कूलर, आणि तो माझ्याकडे नव्हे, प्राचार्यांकडे तोंड करून ठेवलेला. टोपी प्राचार्यांच्या आग्रहावरून होती. "अहो, लोकांना वाटलं पाहिजे ना की माणूस बर्फातून आलाय!" असं ते म्हणाले होते. लोकांना काय वाटलं माहीत नाही. मला घेरी येत होती.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. धरमपेठेतल्या एका कॉलेजात मी फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे लेक्चरर बोलणार आणि मी करून दाखवणार, अशी नेमणूक. पुढचं सगळं वाचताना हे पद लक्षात ठेवावं. त्या वर्षी हिमाचलातल्या एका संस्थेचं पत्र आलं, की बर्फावर फळ्या बांधून घसरण्याचं, म्हणजे स्कीइंगचं, चार आठवड्यांचं शिक्षण आहे, एक शिक्षक पाठवा. खेळाच्या शिक्षकांच्या घरी मुलीचं लग्न होतं. बाकीच्यांना मुलंबाळं होती, दमा होता, सासू होती. मी सभेत गप्प बसलो होतो. गप्प बसण्याचा अर्थ होकार असा धरून माझं नाव लिहिलं गेलं. माझ्या गप्प बसण्याचा लोकांनी पुढेही असाच सोयीचा अर्थ काढला, आणि मीही काढू दिला.

बर्फावर मी पहिल्या दिवशी सपाटीवरच इतक्या वेळा पडलो की शिकवणारे निवृत्त सुभेदार हसायचेही थांबले. दुसऱ्या दिवशी त्यांनी उतारावर नेलं. मी खाली पाहिलं. तिसऱ्या दिवशी माझं पोट बिघडलं.

पोट बिघडलं असं मी सांगितलं. पोट ठणठणीत होतं. दिलेल्या गोळ्या मी झोपडीमागच्या बर्फात पुरत गेलो आणि उरलेले सगळे दिवस शेगडीजवळ बसून काढले. सुभेदारांना वाईट वाटलं. मी मागे पडू नये म्हणून त्यांनी वळण्याच्या तंत्राच्या इंग्रजी नोट्स आणून दिल्या, सायक्लोस्टाइल केलेल्या, जांभळ्या शाईच्या. त्या मी अक्षरशः पाठ केल्या. एका वहीत त्यांचं मराठी केलं. बर्फावर चार पावलं न टाकलेल्या माणसानं त्या शास्त्राची अख्खी परिभाषा तयार केली. आपल्याकडे हे काही नवीन नाही, पण मी आपली माझी गोष्ट सांगतो.

फॉल लाइन म्हणजे उतारावर तांब्याभर पाणी ओतलं तर ते ज्या वाटेनं सरळ खाली जाईल ती वाट. मी तिला पाणवाट म्हटलं. त्या वाटेला आडवं, तिरकं जाणं म्हणजे ट्रॅव्हर्स. ती झाली तिरपी चाल. एज म्हणजे फळीची कड. कड बर्फात रुतवली की फळी ऐकते, नाहीतर नेईल तिकडे नेते. आणि नवशिक्याचा आधार म्हणजे स्नो-प्लाऊ, बर्फाचा नांगर. दोन्ही फळ्यांची पुढची टोकं जवळ आणायची, टाचा बाहेर ढकलायच्या. आतल्या कडा बर्फ खरवडतात आणि वेग मरतो. या नांगरातूनच वळायचं असेल तर एका फळीवर जास्त वजन द्यायचं. उजवीकडे वळायचं तर डाव्या पायावर, डावीकडे वळायचं तर उजव्या पायावर. थोडक्यात, वजन वळणाच्या बाहेरच्या फळीवर.

इथे मी अडलो. मी फिजिक्सचा माणूस. शंकरनगरच्या चौकात सायकल वळवताना मी रोज आत झुकत होतो. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूवर केंद्राच्या दिशेनं बल लागतं हे मी वर्षानुवर्षं दोरीला दगड बांधून दाखवत आलो होतो. मग वजन बाहेर कसं? टाइप करणाऱ्याची चूक असणार. हिमालयात जातानाही मी खिशात लाल पेन नेलं होतं. ते काढलं, वहीतलं "बाहेरच्या" खोडलं आणि वर "आतल्या" लिहिलं. शेजारी सूत्र मांडलं, आकृती काढली, बाण दाखवला. फार समाधान वाटलं.

खिडकीतून नुसतं पाहिलं असतं तरी भागलं असतं. बाहेर तीस-चाळीस माणसं बाहेरच्या पायावर वजन देऊन वळत होती.

खरं तर शरीर आत झुकतं आणि भार बाहेरच्या पायावर पडतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा मला एकच गोष्ट खरी हवी होती, आणि ती माझी.

सर्टिफिकेटावर इतरांच्या नावापुढे श्रेणी होती. माझ्यापुढे फक्त "उपस्थित" असं लिहिलं होतं. प्राचार्यांनी ते सत्काराच्या सभेत मोठ्यानं वाचलं, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल, श्रीफळ, एक जाड इंग्रजी पुस्तक आणि ती टोपी. पुढची दोन वर्षं मी शहरभर भाषणं देत हिंडलो. दोन फूटपट्ट्या टेबलावर ठेवून नांगर करून दाखवायचो. एका महिला मंडळात विचारलं, तिकडे कांदा मिळतो का? एका शाळेत विचारलं, आंघोळ रोज करावी लागते का? पेन्शनरांच्या एका सभेत एकानं बर्फावर बूट चोरीला जातात का असं विचारलं. पण सर, तुम्ही स्वतः वळलात का, हे कोणीही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, याची मला खात्री देता येत नाही.

तिसऱ्या वर्षी त्या संस्थेनं मुलींसाठी जागा ठेवली. आमच्याकडे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला सावनेरची एक मुलगी होती. रोज एसटीनं यायची, आणि विद्यापीठाच्या खो-खो संघात खेळायची. खो-खोत तिचं धावणं पाहायला मुलं तास बुडवत. पाठलाग करणारी अंगावर आली की ही एका पायावर कच्चकन दाब द्यायची आणि पाखरासारखी दुसरीकडे वळायची. कोणत्या पायावर दाब द्यायची ते मी तेव्हा पाहिलं नाही. तिची निवड झाली आणि तिला तयार करायचं काम अर्थातच तज्ज्ञाकडे आलं.

तिचे वडील सावनेरच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. धिप्पाड माणूस, हातांच्या भेगांत कायमचं ग्रीस. मला भेटायला लॅबमध्ये आले आणि उभेच राहिले.

"मास्तर, बर्फ तं आमच्या इकडे लग्नातल्या शरबतात भेटते," ते म्हणाले. "थो काही मी आणू शकत नाही. पण उतार पाह्यजे असन तं माह्यापाशी हाय."

"कुठे?"

"सरकीचा."

जिनिंगमध्ये कापसातून रुई निघाली की मागे बी उरतं, ती सरकी. हंगामात तिचा ढीग आवारात दुमजली घराएवढा होतो. पांढुरकी, लव असलेली, पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. मी रविवारी जाऊन पाहिलं आणि मला तो सिमल्याचा डोंगरच वाटला. मालकांची परवानगी फिटरनं काढली. गिरणीतल्या सुतारानं सागाच्या फळ्या तासल्या, टोकं उकळत्या पाण्यात धरून वर वळवली. तळाला मेणबत्त्या घासल्या. मी खाली खुर्ची टाकून, हातात वही घेऊन बसलो. मला ढिगावर चढायला कोणी सांगितलं नाही. तज्ज्ञाला कोण सांगणार?

सरकीवर फळी बैलगाडीच्या चालीनं सरकायची, पण सरकायची. पाणवाट, तिरपी चाल, नांगर, सगळं पहिल्या दोन रविवारांत तिनं उचललं. मग वळण आलं. पहिल्यांदा ती आपल्या मनानं उतरली आणि ढिगाच्या मध्यावर सुरेख डावीकडे वळली. हमाल बघत उभे होते, त्यांनी शिट्ट्या मारल्या.

"नाही, नाही!" मी खुर्चीतून ओरडलो. "उजव्या पायावर वजन दिलंस. डावीकडे वळताना डाव्यावर द्यायचं. आत झुकायचं, आत!"

ती परत चढली. आत झुकली. पडली. पुन्हा चढली, पुन्हा पडली. केसांत, कानांत सरकी.

फिटर बराच वेळ कमरेवर हात ठेवून पाहत होते. मग माझ्या खुर्चीजवळ आले.

"मास्तर, एक इचारू? राग नका मानू."

"विचारा."

"तुमी म्हणता आतल्या पायावर. पण पोट्टी बाहेरच्या पायावर टेकते तवा वळते, आन् आतल्यावर टेकते तवा पडून राहिली. काहून?"

आयुष्यात मला विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न. मी काय केलं? वही उघडली. सूत्र दाखवलं. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. "ही सरकी आहे," मी म्हणालो. "सरकीत पाय रुततो म्हणून तसं वाटतं. बर्फावर नियम वेगळा."

"हौ का?" फिटर वहीकडे अदबीनं पाहत म्हणाले. "लिहेल हाय, मंग बरोबरच असन." आणि मुलीकडे वळून ओरडले, "ऐक वं! मास्तर सांगते तसं कर! तुह्या मनचं नको चालवू!"

सहा-सात रविवार झाले. शेवटी ती आत झुकूनही पडेनाशी झाली. कशी, ते मला माहीत नाही. शरीराला कितीही उलटं शिकवलं तरी ते काहीतरी मार्ग काढतं. मी तिच्या सरावाच्या नोंदवहीत लाल पेनानं "उत्तम" लिहिलं.

फेब्रुवारीत ती गेली. तिसऱ्या आठवड्यात तार आली. खऱ्या बर्फाच्या, खऱ्या उतारावर, खऱ्या वेगात ती वळायला गेली, आत झुकली, बाहेरची फळी ताबा सुटून लांब गेली आणि गुडघा दोन्हींच्या मधे पिळला. त्या काळी फळीला पाय बांधायचे पट्टे माणूस पडला तरी सुटत नसत. ती मांडीपर्यंत प्लास्टर घेऊन परत आली. प्लास्टर निघालं, पण खो-खो संपला. गुडघा कच्चकन दाब घेईना.

मी तिला भेटायला गेलो नाही. वार्षिक परीक्षेचे दिवस होते, असं मी स्वतःला सांगितलं. परीक्षा दर वर्षी असतात.

कॉलेजात कुजबूज झाली. प्राचार्य म्हणाले, "तुम्ही एक छोटासा अहवाल द्या, कॉलेजच्या वार्षिक अंकात छापू. म्हणजे कॉलेजवर काही यायला नको."

मी लिहिलं. ते वाक्य मला आजही पाठ आहे: "पालकांच्या आग्रहास्तव सरकीच्या ढिगावर करण्यात आलेला सराव बर्फासाठी अयोग्य व दिशाभूल करणारा ठरला." प्राचार्यांनी "वा!" म्हणून सही केली. वार्षिक छापून निघालं आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी गेलं. सावनेरलाही.

वही मी ट्रंकेत तळाशी घातली. तोपर्यंत मला खरं काय ते कळलं होतं. सत्काराच्या वेळी भेट मिळालेल्या एका जाड इंग्रजी पुस्तकात, दोन वर्षं न उघडलेल्या, पहिल्याच प्रकरणात चित्रासकट होतं: वजन बाहेरच्या फळीवर. अहवाल लिहायच्या आदल्या दिवशी मी ते वाचलं होतं. आदल्या दिवशी. हे वाक्य लिहायला मला पंधरा वर्षं लागली.

पुढे मी लेक्चरर झालो, लग्न झालं, टक्कल पडलं. स्कीइंगवर बोलायचं मी बंद केलं. लोक म्हणाले, किती विनयशील माणूस!

या हिवाळ्यात प्रॅक्टिकलच्या परीक्षा घ्यायला सावनेरला जावं लागलं. संध्याकाळी एसटी स्टँडवर चहा पीत होतो, तर काठी टेकत एक म्हातारा समोर येऊन उभा राहिला. हातांच्या भेगा ओळखीच्या होत्या.

"वळखलं का, मास्तर? सरकीवाला."

मी उठलो. तब्येत विचारली. त्यांनी मुलीची खबर सांगितली: इथल्याच मुलींच्या शाळेत खेळाची बाई आहे, सासरही गावातच, लंगडते थोडी, पण पोरींना खो-खो असा शिकवते की तालुका हरत नाही. मग त्यांनी काठी बगलेत धरली. माझा हात हातात घेतला.

"मास्तर, लय दिवसाचं मनात होतं. भेट होत नव्हती. मले माफ करा."

"मी? तुम्हाला?"

"तुमी चांगलं शिकवलं. माह्या सरकीनं घात केला. मीच म्हटलं होतं न, उतार हाय माह्यापाशी. पुस्तकात छापून आलं तुमचं, थे वाचलं मी. तवापासून थो ढीग पाहवे नाही मले. नोकरी होती, रोज पाहाच लागे. पोट्टीले कधी बोललो नाही."

नागपूरची गाडी लागली होती. कंडक्टर घंटी वाजवत होता. मी म्हातारबुवांचा हात सोडवून घेतला, "येतो" म्हणालो आणि गाडीत चढलो. हो, चढलो. खिडकीतून पाहिलं तर ते मला हात जोडून उभे होते.

त्यानंतरच्या रविवारी मी वही घेऊन सावनेरला गेलो. ते मुलीकडेच राहतात. तिनं मला पाहून लगबगीनं पदर सावरला, पाणी आणलं. "बाबा, सर आले, पाहा!" ती चाळिशीकडे झुकलेली बाई झाली होती, पण पाणी ठेवताना उजव्या गुडघ्याला जपून वाकली.

मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता, मग चिवडा, मग मी निघालो असतो. उभ्या उभ्या वही उघडली आणि ते पान दोघांपुढे धरलं. तिनं वाचलं. निळ्या शाईतलं "बाहेरच्या", त्यावरची लाल रेघ, वरचं "आतल्या".

"हे कोणी खोडलं, सर?"

"मी. नोट्समध्ये बरोबर होतं. मी बदललं. तू आपल्या मनानं वळलीस तेच बरोबर होतं. सरकी चांगली होती. आणि अहवाल लिहिला तेव्हा मला हे माहीत होतं."

तिनं त्या लाल रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तिथे सुभेदारसाहेब रोज ओरडायचे, बाहेरचा पाय, बाहेरचा पाय. मले वाटलं, तुम्ही म्हटलं होतं न बर्फावर नियम वेगळा, तेच मी उलटं धरून बसली. नोकरीला लागली तेव्हापासून सर, मी दर जूनमध्ये नव्या पोरींना हेच सांगते. शिकवणाऱ्याचं नीट ध्यान देऊन ऐका. मी ऐकलं नाही, माझा गुडघा पाहा."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

म्हातारबुवा मधेच म्हणाले, "म्हंजे सरकी?"

"सरकी चांगली होती," मी पुन्हा म्हणालो.

"आन् बाहेरचाच पाय?"

"बाहेरचाच."

"मी म्हटलं होतं न तुमाले!" त्यांनी काठी फरशीवर आपटली. एवढ्या जोरात की शेजारची बाई दारात येऊन गेली. "म्हटलं होतं का नाही? सांगा! खुर्चीपाशी येऊन म्हटलं होतं! माह्यासारख्या अडाण्याले दिसलं आन् तुमाले दिसलं नाही?"

"मी वहीत पाहत होतो."

ते हसले नाहीत. डोळे पुसले. मग म्हणाले, "तवा तुमी लिहून देल्लं होतं, मास्तर. छापून आलं, गावानं वाचलं. आता तोंडी सांगून काय होते? आता बी लिहूनच द्या."

हे लिहिणं त्यांच्या सांगण्यावरून आहे. स्वतःहून मी लिहिलं असतं असं म्हणवत नाही.

मुलीनं मला माफ केलं का? तसं ती काही म्हणाली नाही. ती म्हणाली, "उद्या सकाळी साडेसातला मैदानावर या. पोरींना मी जे सांगत आली ते तुम्ही दुरुस्त करा. मी नाही करणार."

मी रजा टाकली आणि सोमवारी पहिल्या एसटीनं गेलो. खो-खोच्या खांबाजवळ तीस-चाळीस मुली मांडी घालून बसल्या होत्या. म्हातारबुवा खुर्ची टाकून बसले होते. या खेपेला खुर्ची एकच होती. मी सगळं सांगितलं. पोटदुखी, गोळ्या, लाल पेन. कानटोपीपाशी पोरी खिदळल्या, त्यांच्या बाईंनी त्यांना गप्प केलं नाही. गुडघ्यापाशी त्या आपोआप गप्प झाल्या. मग सर्वांत पुढे बसलेल्या एकीनं हात वर केला.

"सर, मंग तुम्ही सोता कधी वळले का?"

"नाही," मी म्हणालो. "एकदाही नाही."

"मंग कसं काय शिकवलं?" तिनं विचारलं, आणि उत्तरासाठी माझ्याकडे पाहत राहिली.